भाराच्या खांबावरची खाच

मी, धंद्याने सुतार, वय एकाहत्तर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीवर राहून, कुणाच्याही दडपणाखाली न येता लिहितो आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राहतं घर आणि त्यामागची सुतारकामाची शेड धाकट्या भावाच्या बायकोला, म्हणजे माझ्या भावजयीला मिळावी. मला बायकोमुलं नाहीत. हक्क सांगायला कुणी उगवलंच, तर त्याला ही ओळ दाखवावी.

२. हत्यारं पुतणीला. रंधे तिच्या बापाचेच आहेत, मी नुसते वापरले. मोठ्या पटाशीची मूठ सैल झाली आहे, ती आधी बसवून घ्यावी.

३. हॉटेलमालकाने माझ्या अंत्ययात्रेला येऊ नये. त्याला सिमेंटच्या हॉलमध्ये जुन्या घराचा थाट हवा होता. पाडलेल्या घरांतले बारा सागवानी खांब आम्ही भावांनी तिथे उभे केले. दहा नुसते शोभेचे. दोनांवर मात्र वरची गॅलरी होती. भाराच्या खांबाच्या बुडाशी खाच पाडायची, ही आमची जुनी रीत. खाच दिसली की हात लावायचा नाही. मालक म्हणाला, "मिस्त्री, दाराजवळच्या खांबाची ती खाच डोळ्यांत खुपते. बुजवून टाका." मी खाचेत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरली आणि पॉलिश मारलं. भाऊ त्या दिवशी दुसऱ्या कामावर होता. त्याला सांगायचं राहून गेलं.

४. दोन वर्षांनी मालकाला दाराजवळ जागा मोकळी हवी होती. मी तापाने पडलो होतो, म्हणून भाऊ गेला. तिथून त्याने फोन केला, "दादा, दाराजवळचा काढू ना? खाच नाहीये." मी म्हणालो, "मग काढ की." लांबी मला आठवलीच नाही. गॅलरी त्याच्या अंगावर आली, तो जागीच गेला.

चौकशीत मी लिहून दिलं की भावाने मला न विचारता करवत चालवली. तुरुंगाला भ्यालो, दुसरं काही नाही. चार वर्षं लोक त्याला निष्काळजी म्हणतात आणि मी मान डोलावतो. माझ्या भावाने आयुष्यात एक खांब न विचारता कापला नाही.

५. ~~वरील कबुली माझ्या मृत्यूनंतरच उघडावी.~~

हे कलम मी स्वतः खोडलं आहे. भावजयीला घराचं सांगायचं म्हणून काल मसुदा वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला. म्हणाली, "घर नको मला, भाऊजी. हे मेल्यावर सांगणार होतात? तेव्हा मी जाब कुणाला विचारू?"

मी तिच्यासमोरच पेन उचललं.

६. उद्या सकाळी मी जबाब बदलायला पोलीस चौकीत जातो आहे. भावजय बरोबर येणार आहे. ती नको म्हणाली तरी घर तिचंच. मला तिथेच ठेवून घेतलं, तर घराची किल्ली माझ्याकडून घेऊन तिने परत यावं.

स्थळ: सुतारकामाची शेड
दिनांक: ९ मार्च
सही: मिस्त्री

साक्षीदार:
१. दाखला देणाऱ्या डॉक्टर
२. शेजारचा लोहार, भावाचा मित्र. सही केली, माझ्याकडे पाहिलं नाही.