ह्यांच्या नाटकातली माझी एक ओळ

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या दोन्ही पायांवर डोकं ठेवते, दुखऱ्या गुडघ्याकडे जरा हळूच. जिना चढत नाहीस ना? देवाच्या कृपेने इकडे सगळे ठीक. पाठकोरे कागद आहेत म्हणून सविस्तर लिहिते. पुढच्या बाजूला ह्यांच्या नाटकाचा दुसरा अंक आहे, तो वाचू नकोस, डोकं दुखेल.

ह्यांच्या कचेरीच्या स्पर्धेसाठी ह्यांनी नाटक लिहिलं. स्त्रीमुक्तीचं. लेखक हे, दिग्दर्शक हे आणि बायकोला मुक्त करणारा नवराही हेच. बायको झाली होती कचेरीतली टंकलेखिका (पोरगी चटपटीत). तालमी आमच्याच खोलीत, त्यामुळे चहा माझ्याकडे आणि विंगेत वही धरून ओळी सांगायचं कामही माझ्याकडे. मला मोजायची खोड तुला ठाऊकच आहे. ह्यांची वाक्यं दोनशे चौदा, बायकोची एकतीस, त्यांतली एकोणीस नुसती "अहो". टंकलेखिका म्हणालीच, "वहिनी, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायला मला तीन अंक ह्यांची परवानगी मागायची, आणि मुक्त म्हणे मीच!"

तुझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं पत्र आलं ते ह्याच धामधुमीत. महिनाभर ताईकडे जाऊ का, असं मी तीनदा विचारलं. दोनदा "घर कोण बघणार?" आणि तिसऱ्यांदा "मध्येच काय? मी स्त्रीच्या बंधनांवर बोलतोय ना! चहा कुठाय?" मी चहा दिला. पण ताई, आई गेल्यावर माझी वेणी कुणी घातली हे मी विसरलेली नाही. तू एकटी ऑपरेशनला जाणार आणि मी इथे "अहो" मोजत बसणार, हे काही मला पटेना.

आता ह्यांचं पाठांतर म्हणजे आनंदच. विंगेतून जे ऐकू येईल ते छाती फुगवून म्हणायचं, अर्थाकडे बघायचंच नाही. एका तालमीत मी शेजारणीला "गॅस बंद केलास का?" म्हटलं, तर ह्यांनी तेही डोळ्यांत पाणी आणून म्हटलं.

प्रयोगाला सभागृह भरलेलं, पहिल्या रांगेत साहेब, त्यांची बायको आणि परीक्षक बाई. शेवटच्या प्रवेशात हे हात वर करून म्हणाले, "आजपासून तू..." आणि अडकले. डोळे विंगेकडे. माझ्या बोटाखाली ओळ होती, 'आजपासून तू आकाशाची आहेस.' आता आकाशाची म्हणजे बाईने जायचं तरी कुठे? मी देवाचं नाव घेतलं आणि सांगितलं, "उद्याच ताईकडे जा. तिच्या ऑपरेशनला महिनाभर राहा. घर मी बघतो."

हे म्हणाले! शब्द न् शब्द, शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असे.

पोरीने एकदा विंगेत माझ्याकडे पाहिलं. मग म्हणते, "लिहून द्याल?" (हेही वहीत नव्हतं.) लोकांनी टाळ्यांनी सभागृह डोक्यावर घेतलं. टाळी ऐकल्यावर हे थोडेच थांबतात? टेबलावरच्या कागदावर लिहिलं, खाली सही ठोकली. लेखनाचं पहिलं बक्षीस ह्यांनाच. परीक्षक बाई म्हणाल्या, मुक्तीवर बोलणारे पुष्कळ पाहिले, घर बघतो म्हणणारा नवरा रंगभूमीवर प्रथमच पाहिला. हे म्हणाले, ती ओळ मला आतून सुचली.

घरी येऊन मी बॅग काढली. "अगं, ते नाटकातलं होतं!" मी शांतपणे म्हटलं, बरं, मग उद्या साहेबांच्या बायकोला सांगते, ओळ कुणाची होती ते. ह्यांनी तिकीट स्वतः रांगेत उभं राहून काढलं, आणि खिडकीजवळची जागा! पुढच्या रविवारी सकाळी पोचते.

तुझीच,
धाकटी

ता. क. ऑपरेशन महिनाभर पुढे गेल्याचं तुझं पत्र आज मिळालं. ते मी पोथीत ठेवलं आहे, ह्यांचा हात तिथे कधी जात नाही. (देवाला सांगून ठेवलंय.) आता दुसरं पाठवू नकोस. ऑपरेशनपर्यंत आपण नुसत्या गप्पा मारू.

ता. क. दुसरा. खरं काम हेच. साखर कुठे, साबण कुठे, असं विचारायला हे रोज फोन करतील. काही झालं तरी फोन माझ्या हातात देऊ नकोस. ह्यांचं अडलेलं ऐकलं, की माझ्या तोंडून पुढचं निघून जातं.