हिरवा आठवडा

१० नोव्हेंबर, सोमवार

केलं ते केलं. काल सांगलीतल्या त्या हॉटेलात सही करून आले आणि आज घरात एक माणूस माझ्याशी धड बोलत नाही. नका बोलू. भाकरी मी थापते, भूक लागली की बोलाल.

विसरायच्या आत लिहून ठेवते. दिवाळीला अन्याकडं, म्हणजे पोराकडं, माधवनगरला गेलो होतो. सूनबाईनं साडीच्या दुकानात माझ्या नावानं कुपन भरलं. मागनं फोन आला, बक्षीस लागलंय, नवरा-बायको जोडीनं या. बक्षीस काय, तर सहा कप. ते घ्यायला अडीच तास बसवून ठेवलं. श्वेता म्हणून पोरगी होती, तोंडात साखर. पंचवीस वर्षं, दर वर्षी एक आठवडा, त्यांच्या कुठल्याही हॉटेलात राहायचं. मेंबरशिप तीन लाखाची. पन्नास हजाराचा चेक मी दिला. माझा. माहेरानं पाच मेंढ्या दिल्या होत्या, त्यांची वाढत वाढत एकतीस झाली. औंदा मालकांचे गुडघे पार गेले म्हणून सगळी विकली. पैसा माझ्या नावावर आहे तो उगाच नाही.

दहा दिवसांत नको वाटलं तर अर्ज द्या, पैसे परत, असं कागदावर आहे. म्हणजे १९ तारीख, संध्याकाळी पाच.

सही का केली? ती पोरगी एकच गोष्ट नेमकी बोलली. "हक्काचा मुक्काम, काकू. कुणी ऊठ म्हणणार नाही."

११ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळी मालकांचं तोंड उघडलं एकदाचं.

"जनमभर लोकांच्या रानात मुक्काम केला. एक दमडी दिली न्हाई. उलट शेतकरीच ज्वारी मोजून देत हुता, मेंढरं माज्या रानात बसवा म्हून. आन् आता आमी मुक्कामाला पैसं द्यायचं? तीन लाख?"

खरं आहे ते. मेंढरं रात्री रानात बसली की खत फुकट, म्हणून शेतकरी बोलवायचा. पण बोलवायचा मेंढरांना. आमाला नाही. लेंड्या पडल्या की सकाळी बांधावर हजर, "झालं न्हवं? निघा आता." अन्या तीन दिवसांचा होता, कऱ्हाडच्या खाली नदीकाठाला. तवाबी निघा. ओली बाळंतीण मी, पोर झोळीत घालून चालले सहा कोस. हे पुढं मेंढरांबरोबर, ह्यांनी मागं वळून बघितलं नाही. बघून करणार काय होते म्हणा.

हे सगळं बोलून दाखवलं. गडी उठून बाहेर गेला.

आणि मला कोण अडाणी समजू नये. तीन रंगाचे आठवडे होते. लाल म्हणजे मे महिना आणि दिवाळीच्या पुढचा, लय महाग. पिवळा मधला. हिरवा जून ते सप्टेंबर, सगळ्यांत स्वस्त. मी पटकन हिरवा म्हटलं. पावसाळ्यातच तर आपण घरी असतो, मोकळे असतो. श्वेता म्हणाली, काकू हुशार आहेत.

१२ नोव्हेंबर, बुधवार

नव्या मेंबरला दोन रात्री फुकट, बघून घ्या म्हणाले होते. बघणारच. मेंढी घेताना दात बघतो, इथं नको?

मालक नाही नाही म्हणत पहाटेच पटका बांधून तयार. जत-सांगली, सांगली-सातारा, सातारा-वाई, पुढं घाट. ST त माझं हाफ तिकीट, ह्यांचं फुल. कंडक्टरकडं बघून म्हणाले, "म्हातारा मी हाय आन् सवलत हिला." कंडक्टर म्हणाला, वयाचा दाखला आणा आजोबा. अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला आजोबा. घाट संपेपर्यंत फुगून बसले.

पाचगणीच्या पुढं आहे हॉटेल. खोली मोठी. पांढरीफेक गादी. बाहेरचे पदार्थ आणू नयेत, अशी पाटी. जेवणाचं कार्ड वाचलं आणि ठेवून दिलं. बाल्कनीत बसून भाकरी, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडून. आवाज झाला असेल तर होऊ दे. शेजारच्या बाल्कनीतली बाई बघत होती. तिला म्हटलं, घ्या की. तिनं खरंच घेतली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मालक साडेसातला उठले! चारच्या पुढं ह्या माणसाला झोपलेला मी एकदाच बघितलाय, टायफॉईड झाला तवा. मी खुर्ची ओढली तरी हलले नाहीत. उठल्यावर म्हणतात, गादीनं पाठ धरली.

दुपारी फजिती झाली ती लिहिते, लपवत नाही.

बागेत माळीकाम करणारे एक काका होते, वाईकडचे. मी ऐटीत सांगितलं, आमी मेंबर, दर साल जुलैत येणार. काका हातातलं खुरपं खाली ठेवून बघायलाच लागले.

"आवं वैनी, जुलैत? जुलैत हितं कोन येतंय? धुक्यात सोताचा हात दिसत न्हाई. भिंतींना पाणी सुटतंय, चादरी वाळत न्हाईत. निम्मं हाटेल झाकलेलं असतंय. आमालाबी तवाच सुट्टी देत्यात."

मालक माझ्याकडं वळले. मग जे हसले, जे हसले, पटका सुटायची पाळी आली.

"मेंढरं इकली गं, आता काय पावसाचीच वाट बघायची? दिवाळीनंतर आपुण रिकामंच हाय की!"

खरंच की. तीस वर्षं दिवाळी झाली की निघायचं, पाऊस लागला की माघारी घरी. त्या हॉटेलात बसून मी मेंढरांच्या हिशेबानं आठवडा निवडला, आणि मेंढरं तर महिन्यापूर्वीच बाजारात गेली. श्वेताला काय माहीत, माझ्या डोक्यात अजून एकतीस मेंढरं चरतायत. पण तिला इथला पाऊस माहीत होता. ती बोलली नाही. हुशार म्हणाली मला. रांडेच्या हुशारीला आग लागली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाला दारावर थाप. कोट घातलेलं पोरगं. "मॅडम, चेकआउट टाइम. रूम खाली करावी लागेल."

मी म्हटलं, निघा म्हणतोयस व्हय रं?

"तसं नाही मॅडम, पुढचे गेस्ट यायचे आहेत."

"हक्काचा मुक्काम म्हणून सांगितलंय मला. लुगडी वाळत घातलीत. वाळली की जाईन."

मालक पिशवी घेऊन कवाच व्हरांड्यात उभे. लागलेली सवय, निघा म्हटलं की निघायचं. मी बसले. पाऊण तास बसले, लुगडी वाळवली, घडी घातली, मग उतरले. खाली ते पोरगं म्हणालं, परत या मॅडम. त्याचा काय दोष. पण त्या पाऊण तासाचं मला लय बरं वाटलं, ते खरं.

खाली काउंटरवर अजून एक कळलं. मेंबरशिपचे तीन लाख वेगळे आणि दर वर्षाची देखभाल वेगळी, ती दर वर्षी वाढणार. तेही कागदात आहे, बारीक अक्षरात. चष्मा असून वाचलं नाही मी.

१६ नोव्हेंबर, रविवार

अन्या आला. येताना द्राक्षं, म्हणजे काहीतरी काम आहे.

"आई, तुला गंडवलंय. अर्ज मी लिहून आणलाय, तू फक्त सही कर. बुधवारी मी देतो नेऊन."

मी विचारलं, पैसे परत आल्यावर?

खिशातनं नकाशा काढला. सांगलीच्या बाहेर प्लॉट. आधीच बघून ठेवलाय, इसार किती तेबी ठरलंय. कुणाच्या नावावर रं? तर म्हणे, "माझ्या. कर्जाला बरं पडतं."

वा! ती श्वेता निदान सरबत देऊन मागत होती.

म्हटलं, "अन्या, फसवलं असंल तर मला फसवलंय. माझं मी निस्तरीन. पन्नास हजार गेलं तर माझं गेलं, आलं तर माझं आलं. तुजा अर्ज तुज्याजवळ ठेव."

"आई, ह्या वयात तुला हॉटेल कशाला पाहिजे?"

तिथं मात्र माझं डोकं फिरलं. ह्या वयात! मग कवा पाहिजे होतं? तू झोळीत होतास तवा? लय बोलले. बोलायचं नव्हतं तेबी बोलले. पोरानं नकाशा घडी घालून खिशात ठेवला. जाताना पाया पडला. द्राक्षं गोड होती, पण तोंडात फिरत होती.

१७ नोव्हेंबर, सोमवार

धाकल्या दिरांचा वाडा, म्हणजे सगळा तांडा, आज निघाला. घोड्यावर बिऱ्हाड, मेंढरं कोंडायची वाघर, पोरं, दोनशे मेंढरं. मालक रस्त्याला जाऊन उभे. पार धूळ बसेपर्यंत उभे. जाऊबाई जाता जाता म्हणाली, "अक्का, तुजं बरं हाय बग." मला वाटलं तिला म्हणावं, ये बदल. पण कुणी बदललं असतं? तिनंही नाही, मीही नाही.

संध्याकाळी हे जेवले नाहीत. मी विचारलं, मेंढरं विकली म्हणून राग आहे का? म्हणाले, "मेंढरांचा न्हाई." मग कशाचा, ते सांगेनात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अर्ज लिहिला. माझ्या हातानं, माझ्या शब्दांत. नववी शिकलेय, अन्याच्या अर्जाची गरज नाही. "मला हिरव्या आठवड्याबद्दल पुरती माहिती दिली गेली नाही, सबब सभासदत्व रद्द करून रक्कम परत मिळावी." सबब शब्द बरोबर बसला. मालकांना वाचून दाखवला. "झकास" म्हणाले, आणि तोंड मात्र सुतक्यासारखं. ह्या माणसाला पाहिजे तरी काय? आठ दिवस हेच ओरडत होते ना, रद्द कर, रद्द कर.

दुपारी श्वेताचा फोन. तिलाही ऐकवलं. "पावसाचं सांगितलं का न्हाईस गं पोरी?" ती म्हणते, "काकू, टार्गेट असतं." खरं बोलली म्हणून राग थोडा उतरला. थोडाच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

सांगली. अन्याला कळवलं नाही. साडेतीनला त्यांच्या ऑफिसात पोचलो. अर्ज ठेवला, वर पोचपावतीचा शिक्का मागितला.

मॅनेजर आला. चहा. मग म्हणतो, मावशी, रद्द कशाला करता, तुमाला दिवाळीनंतरचा लाल आठवडा देतो, त्याच तीन लाखात. फक्त आज सही करा. उद्या ही ऑफर नाही.

बाजारात गिऱ्हाईक "आजच" म्हणायला लागलं की समजायचं, नड त्याला आहे. मी म्हटलं, देखभालीचा आकडा पंचवीस वर्षं वाढणार नाही, असं लिहून द्या. तो हसला. मी हसले नाही. तो म्हणाला, विचारून सांगतो. मी म्हटलं, मग शिक्का मारा, जाते.

आणि तेवढ्यात आमचे मालक, आठ दिवस माझ्या नावानं शंख करणारे मालक, पटका सारखा करून म्हणतात, "दिवाळीनंतरचा देत असतील तर बोल की जरा. घाई कशाला?"

मी बघतच राहिले. मॅनेजरबी बघत राहिला.

अर्ज उचलला. मॅनेजरला म्हटलं, पाचला बंद करता न्हवं? पावणेपाचला येते. तवर तुमी विचारून ठेवा.

आता ऑफिसच्या समोर निंबाखाली बसलोय, तिथंच लिहितेय. मी लय भांडले ह्यांच्याशी. लोकांसमोर! आठ दिवस माझं डोकं खाल्लं आणि ऐन वेळी पलटी! आधी का बोलला न्हाईसा? तर म्हणे, "तुजा पैसा. मी कसा मागू?"

मग मी विचारलं. तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. कुठं जायचं हे गवत ठरवायचं, पाणी ठरवायचं, आमाला कोण विचारत होतं. म्हटलं, "मेंढरं न्हाईत. अन्याचा प्लॉट बाजूला ठेवा. मी काय म्हणीन तेबी सोडा. तुमाला सोताला कुठं जावंसं वाटतंय, सांगा."

गडी चपलेनं माती उकरत बसला. मग म्हणाला, "समुद्र बगायचा हुता."

एका हातात अर्ज आहे, मांडीवर सहीच्या दिवशी कंपनीनं दिलेलं जाडजूड पुस्तक. त्यात मागं हॉटेलांची यादी आहे. समुद्राकाठचं एखादं आहे का, ते शोधतेय. ह्या वेळी चष्मा लावून, बारीक अक्षरासकट. चार वाजून दहा मिनिटं झालीत.