एन्सिओचे शनिवार

मी, तोर्स्ती हक्करायनेन, वय चौऱ्याहत्तर, धंद्याने आइस हॉकीचा गोलरक्षक, आता निवृत्त, राहणार हैनावेसी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. या डोक्यावर उभ्या कारकिर्दीत रबराच्या चकत्या आदळल्या हे खरे. तरी डॉक्टरीणबाईंनी तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणू शकणारी एकच व्यक्ती होती, माझी पत्नी इर्मेली, आणि ती मला सोडून पुढे गेली. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. गोलरक्षकाच्या मागे जाळी असते आणि तिथे काही जाऊ द्यायचे नसते, एवढेच त्याला शिकवलेले असते. आपल्या मागे काय राहील याचा विचार करायची मला सवय नव्हती.

कलम १. गावातले घर आणि बँकेत जे असेल ते माझी मुलगी साइया आणि मुलगा यार्क्को यांना निम्मे-निम्मे. भांडू नये. भांडायचेच असेल तर मी जिवंत असताना भांडून घ्यावे, म्हणजे पंच घरचाच मिळेल.

कलम २. माझा पहिला मुखवटा साइयाला. होड्या बांधणाऱ्या एका कारागिराने माझ्या तोंडावर प्लास्टर थापून तो बनवला होता, त्यामुळे त्याला माझे नाक आहे, मोडण्यापूर्वीचे. लहानपणी साइया तो घालून पोस्टमनला घाबरवायची. तेव्हा वहिवाटीने तो तिचाच. पायांचे पॅड यार्क्कोला. ते भिजले की वासराएवढे जड होतात आणि वासही साधारण तसाच येतो. सूनबाईंचा विचार करून ते अंगणातच ठेवावेत. माझे पुढचे दात स्वीडनमध्ये पगारावर खेळायला गेलो तेव्हा तिथल्या बर्फात राहिले. त्यांच्यावरचा हक्क मी सोडतो.

कलम ३. माझ्या अंत्यविधीनंतर सर्वांना कॉफी आणि राय धान्याच्या पिठाच्या, भात भरलेल्या करंज्या द्याव्यात. क्लबचे माजी अध्यक्ष वुओरेला आले तर त्यांना कॉफी द्यावी, करंजी देऊ नये, आणि भाषण तर मुळीच करू देऊ नये. कारण असे. सामन्याच्या दिवशी गोलरक्षकाशी कोणी बोलत नाही, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. इर्मेली लापशी टेबलावर ठेवायची आणि मुलांना घेऊन बहिणीकडे जायची. मी खुर्चीवर बसून भिंतीकडे बघायचो. अशा दिवशी या गृहस्थांनी बहिणीच्या घरी फोन करून इर्मेलीला सांगितले, “तोर्स्तीला दक्षिणेतल्या क्लबला विकलाय. सामान बांधायला घ्या.” ती बिचारी धावत घरी आली आणि दारातच रडू लागली. त्या संध्याकाळी माझ्यावर सात गोल झाले. विकल्याचा मला राग नाही. विकायचेच होते तर दुसऱ्या दिवशी विकता आले असते.

कलम ४. तळ्याकाठचे लाकडी घर, सॉना म्हणजे वाफेने न्हायची खोली, होडीचा धक्का आणि लाकडांची खोपी दोन्ही मुलांच्या सामाईक मालकीची राहील. मात्र एन्सिओ पिइरायनेन हयात आहे तोवर हे विकता येणार नाही, आणि दर शनिवारी सॉना तापवून तिथे बसण्याचा त्याला पूर्ण हक्क राहील. कोणाला विचारावे लागणार नाही, कोणाचे आभारही मानावे लागणार नाहीत.

हे कलम लांबणार आहे. वकीलबाई पैविक्की तुर्तियायनेन यांनी ते आखूड करायला सांगितले होते. मी ऐकलेले नाही.

यार्क्को मला म्हणाला, “बाबा, तुमच्यानंतर विकून टाकू ते. कोण जाणार तिथे लाकडं फोडायला?” एन्सिओ जाणार. एन्सिओ हा माझा बचावपटू. माझी कारकीर्द ज्याला लोक म्हणतात ती निम्मी त्याच्या बरगड्यांवर उभी आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी चकत्या त्याने अंगावर घेतल्या. बचावपटूला चकतीकडे बघताना मागचे दिसत नाही. मागचे डोळे गोलरक्षकाचे. त्याने ओरडून सांगायचे. ज्या सामन्यानंतर आमचा संघ खालच्या गटात गेला, त्यात शेवटच्या मिनिटाला चकती आमच्या जाळीशेजारी घरंगळत आली. मी ओरडलो, “सोड! माझी आहे!” एन्सिओने सोडली नाही. त्याने काठी मारली, चकती माझ्या स्केटला लागली आणि आत गेली.

तो म्हणतो मी ओरडलोच नाही. तेव्हापासून दर शनिवारी सॉनात, दगडांवर पाणी टाकण्याआधी, तो म्हणतो, “ओरडला नव्हतास, लेका.” मी म्हणतो, “ओरडलो होतो. बहिऱ्या!” मग पाणी टाकतो आणि वाफ उठते. हा वाद मी कोणालाही देत नाही. मी ओरडलो होतो.

त्याची बायको गेल्यावर त्याने आपले घर विकले. आता तो गावात तिसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहतो. त्या इमारतीच्या सॉनाला वीज आहे आणि पाळी लावावी लागते. तिथे तो जात नाही. आठवडाभर तो कोणाशी बोलतो की नाही, देव जाणे. शनिवारी बोलतो. मी गेल्यावर तो इथे येणार नाही, कारण तो मेला तरी मागणार नाही. मरणाची मला भीती वाटत नाही, पण याची काळजी वाटते, आणि खरे तर एवढ्यासाठीच मी वकीलबाईंना बोलावले.

सहीआधी हाताने लिहिलेली पुरवणी. मी मृत्युपत्र करतोय असे कळताच एन्सिओ म्हणाला होता, “साक्षीदार मी. मला काही ठेवू नकोस, सही तेवढी करतो.” वकीलबाईंनी त्याचे नाव टाइपही केले. ज्याला काही मिळते त्याने साक्षीला सही केली तर त्याचा हक्क बुडतो, हे त्याला चांगले ठाऊक आहे. आज सर्वांसमोर मी त्याला कलम चार वाचून दाखवले.

तो म्हणाला, “मी मागितलं होतं?”

“नाही.”

“मग भीक घालतोस?”

“भीक कसली, गाढवा! रिकामा सॉना गारठून कुजतो. दर आठवड्याला कोणीतरी तापवायला नको?”

“यार्क्को तापवेल.”

“यार्क्को? त्याला ओली लाकडं कुठली नि सुकी कुठली ते तरी कळतं का?”

एन्सिओ खिडकीबाहेर बघत राहिला. तळ्यावर काठाकाठाने बर्फ धरू लागला आहे. मग तो म्हणाला, “पेन द्या.” वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिले. मी मानेने हो म्हटले. अडवणे हा माझा धंदा होता, पण इथे अडवून चालणार नव्हते. नेम धरणाऱ्याचे डोळे फसवतात, म्हणून मी त्याच्या हाताकडे पाहत राहिलो.

मृत्युपत्र करणार: तोर्स्ती हक्करायनेन

साक्षीदार पहिली: मायला इहालायनेन, शेजारीण

साक्षीदार दुसरा: एन्सिओ पिइरायनेन. हे नाव त्याने स्वतः आडवी रेघ मारून खोडले, शेजारी आद्याक्षरे लिहिली आणि “सॉना तापायला वेळ लागतो, इथे बसून काय करू?” असे म्हणून तो लाकडे आणायला बाहेर गेला. त्याच्या जागी पैविक्की तुर्तियायनेन, वकील, यांनी सही केली आहे.

हैनावेसी, तळ्याकाठचे घर. शनिवार, १६ नोव्हेंबर २०२४.