नुसतं झाकण लाव

मंगळवार, नेकनूर

लेक रेखा सासरी धर्मापुरीला गेल्यापासून तिचा लॅपटॉप कपाटात पडून होता. आज चार्जिंगला लावून चालू केला, तर चक्क पळायला लागला! जेवायला उठताना सवयीनं झाकण लावलं. परत उघडला, तर तोच जुना रेंगाळणारा. तीनदा करून पाहिलं. झाकण लावलं की लॅपटॉप झोपतो, अन् झोपेतून उठला की प्रोसेसर सगळ्यात कमी वेगावर अडकून बसतो. एवढीच खोड.

अन् झाकण लावायला तिला शिकवलं कोणी? मीच. "लाईटीचा भरवसा न्हाई, चालू व्हायला बॅटरी लई खातो. बंद करू नको, नुसतं झाकण लाव." पोरीनं दोन वर्षं ऐकलं. भरतीच्या सराव परीक्षेत प्रश्न उघडेपर्यंत वेळ संपायचा, अन् मी शेजारी बसून म्हणायचो, "तुझाच हात चालत न्हाई." तिनं ते खरं मानलं. पुस्तकं मैत्रिणींना वाटली, लग्नाला हो म्हणाली.

गावभरचे लॅपटॉप मी दुरुस्त करतो. घरातला का पाहिला नाही? जुना झालाय म्हणून? की पोरगीच मंद, हे मानणं मला सोपं गेलं?

एक सेटिंग बदलली. दोन मिनिटांचं काम. लगेच तिला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ द्या आप्पा. जेवलात का?"

"नीट झालाय. घेऊन जा की."

"इथं कुठं येळ हाय आता? ऱ्हाऊ द्या तिथंच, झाकण लावून."

लॅपटॉप समोर उघडाच आहे. झाकण लावायला हात धजत नाही.