गणपूर्ती

बुधवार, दुपार

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं कार्ड मिळालं. "पाण्याचं काय झालं?" एवढी एकच ओळ, माझ्या सगळ्या पत्रांना मिळून. तरी ते मी ऑफिसातल्या टेबलाच्या काचेखाली ठेवलं आहे. तू बरा असशील. इकडे सर्व ठीक, असं यापुढे लिहायचं असतं.

तर पाणी.

पाणीपट्टी वाढवायचा ठराव राज्य सरकारने रद्द केला. दर जास्त होते म्हणून नव्हे. ज्या सभेत तो मंजूर झाला तिथे गणपूर्तीच नव्हती. सभेला जितकी माणसं हजर लागतात, त्यात दोघे कमी होते. कुणीतरी वर तक्रार केली आणि वरच्यांनी चक्क हजेरी मोजली. हजेरी मोजतात, याचाच नगरसेवकांना धक्का बसला आहे.

आता तोच ठराव पुन्हा मांडायचा, आणि निवडणूक तोंडावर. हात वर केला तर मतदार धरणार, नाही केला तर पक्ष धरणार. म्हणून सगळ्यांनी मिळून मार्ग काढला आहे. सभेला यायचं, पण सभागृहात जायचं नाही. काल घंटा वाजली तेव्हा आत अध्यक्ष, शिपाई आणि पत्रकारांच्या बाकावर मी. बाकी सगळे कँटीनमध्ये. विरोधी पक्षही त्याच टेबलांवर, त्यांच्यात इतकी एकी मी कधी पाहिली नव्हती. कँटीनवाला मला म्हणाला, "ताई, सभा इकडेच घ्यायला सांगा की. त्यांची गणपूर्ती होईल, माझा धंदा होईल."

अध्यक्षांनी सभा तहकूब केली. कारण, अपरिहार्य. मी तसंच छापलं.

स्टेशनजवळचा पादचारी पूल झाला. पलीकडचा जिना दुसऱ्या खात्याकडे आहे, तो व्हायचा आहे. लोक वर चढतात, थोडा वारा खातात आणि आल्या वाटेने उतरतात. उपाध्यक्षांच्या म्हणण्याप्रमाणे पुलाला नागरिकांचा प्रतिसाद चांगला आहे.

सरकारी रुग्णालयाच्या नव्या अतिदक्षता विभागाचं उद्घाटन झालं. दुसऱ्यांदा. विभाग केव्हाच सुरू झाला होता, पण मध्ये आरोग्यमंत्री बदलले, म्हणून पाटी बदलावी लागली. नवी पाटी विभागाच्या नावापेक्षा मोठी आहे. बातमीला मीच गेले होते. मंत्री आत आले, एका खाटेपाशी थांबले आणि वाकून म्हणाले, "काय आजोबा, बरं वाटतंय ना आता?"

आजोबांच्या तोंडात नळी होती.

"छान," मंत्री म्हणाले. "आराम करा."

आमच्या छायाचित्रकाराचा पहिला फोटो हलला होता. त्याने विनंती केली, म्हणून मंत्र्यांनी पुन्हा वाकून पुन्हा विचारलं. नर्स भिंतीकडे बघत होती. फोटो पहिल्या पानावर आला. खालची ओळ मी लिहिली: "रुग्णाची आस्थेने विचारपूस करताना आरोग्यमंत्री." रुग्णाचं नाव द्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

तू आमचा पेपर घेत नाहीस. घेत असतास तर मंत्र्यांच्या कोपराखाली चादरीवर ठेवलेला एक हात तुला दिसला असता. मधल्या बोटाला आतून घट्टा आहे. जन्मभर पालिकेच्या सभेत बसून भाषणं उतरवून घेणाऱ्या माणसाच्या बोटाला पडतो तसा.

ते बाबा आहेत.

फोन केले होते. घरच्या नंबरावरून, मग माझ्या. शेवटी कँटीनवाल्याच्या फोनवरून केला तेव्हा तू उचललास, आणि माझा आवाज ऐकून ठेवलास. तक्रार नाही. हे फक्त क्रमाने लिहिते आहे.

क्रमाने लिहायचं तर पुन्हा पाण्यावर यावं लागेल.

ठराव रद्द झाल्याची बातमी मी त्या संध्याकाळी जेवताना सांगितली. बाबांना पालिकेच्या बातम्या अजून टेबलावरच लागतात. लागायच्या. कुठे चूक झाली, हे ऐकायला ते नेहमीसारखे खूश होऊन पुढे सरकले. "गणपूर्ती नव्हती," मी म्हणाले, आणि त्यांचा चमचा ताटावर थांबला.

"त्या दिवशी तू कुठे होतीस?"

"कुठल्या दिवशी?"

"खोलीचं ठरलं त्या दिवशी."

मी आठवून सांगितलं, "पालिकेच्या सभेला. उशिरा आले."

"म्हणजे मी आणि ही. दोघंच."

आई म्हणाली, "अहो, मी हात वर केला होता की."

"दोघांनी चालत नाही," बाबा म्हणाले. "चौघांच्या घरात तीन लागतात."

आपल्या घरात पंखा कुठे लावायचा यावरही हात वर व्हायचे. लोक हसायचे. तू कायमचा विरोधी पक्ष. पंखा तुझ्याच खोलीत लावायचा ठरला तेव्हाही तू विरोधात होतास. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं. पण तू परगावी नोकरीला गेलास आणि त्या दोघांनी हात वर करून तुझी खोली भाड्याने दिली. नोकरी सुटून तू बॅगा घेऊन परत आलास, तेव्हा तो घड्याळदुरुस्तीवाला तुझ्या आरशासमोर दाढी करत होता. "कोण पाहिजे?" असं त्याने तुला विचारलं. नोकरी गेली हे तू सांगितलं नव्हतंस. बाबांनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "ठराव झालाय. तू गैरहजर होतास."

बॅगा तुझ्या हातातच होत्या. तू बाहेर पडल्यावर बाबा म्हणाले, "सभात्याग." आणि हसले. "विरोधक चहाला परत येतात."

त्यानंतर इतकी वर्षं त्यांनी तुझं नाव काढलं नाही. चुकलं असं त्यांना वाटत होतं की नाही, मला कधी कळलं नाही. वाटत असलं तरी ते कुठल्या नियमाखाली मांडायचं, हे त्यांना सापडत नसावं. त्या संध्याकाळी सापडलं.

दुसऱ्याच दिवशी ते घड्याळवाल्याकडे गेले. मी दारात उभी होते. "तुम्हाला खोली दिली तो ठराव बेकायदेशीर होता," ते म्हणाले. "मला क्षमा करा." तो बिचारा गोंधळला. "काका, भाडं तर वेळेवर देतोय ना मी?" क्षमा हा शब्द बाबांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. तो घड्याळवाल्याला मिळाला.

महिनाअखेरीस त्याने खोली सोडली. जाताना आपलं भिंतीवरचं घड्याळ काढून नेलं, तिथे गोल डाग आहे. बाबांनी खोली झाडून घेतली, खाट खिडकीखाली सरकवली. तुला पत्र लिहा, असं मी म्हणाले. "आधी खोली नीट होऊ दे," म्हणाले.

राहिला आरसा. घड्याळवाला बुटका, त्याने तो खाली घेतला होता. बाबांना तो वर हवा होता. आई म्हणाली, सुतार बोलवू. "खिळा मला मारता येतो." मग मला दारापाशी उभं केलं. "तो इथे उभा राहिला तर त्याचे डोळे कुठे येतील?" मी हात उंच करून दाखवलं. "अजून वर," ते म्हणाले. "विसरलीस तू."

स्टुलावर चढले. खिळा मारला. आरसा टांगला, तिरका वाटला म्हणून सरळ केला. ते सगळं झालं होतं. उतरताना पडले.

आरशाला ओरखडाही नाही.

हे मी आधी लिहायला हवं होतं. पण आधी लिहिलं असतं तर तुझ्यावर काही टाकायला लिहिलंय, असं तुला वाटलं असतं. आताही वाटेल. दुसरं कसं लिहायचं, मला येत नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत, गोल गोल बोलत नाहीत. डोक्यात रक्तस्राव मोठा झाला. आता श्वास यंत्राचा आहे, ते उठणार नाहीत. यंत्र चालू ठेवायचं की थांबवायचं, हे घरच्यांनी ठरवायचं. शुक्रवारी त्या पुन्हा विचारणार आहेत. आणखी कुणी आहे का, म्हणून मी इकडे तिकडे पाहिलं. घरचे म्हणजे आम्ही दोघीच.

बाहेर बाकावर, त्या नव्या पाटीखाली, आईने हात वर केला. खरोखर केला, टेबलावर करायची तसा. "त्यांना मोकळं करा," म्हणाली. "पुरे झालं." मी केला नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने हात खाली घेतला आणि पदराखाली ठेवला.

"राहू दे," म्हणाली. "दोघींनी चालत नाही. मागे दोघांनी केलं ते पुरे. त्याला बोलाव."

"तो विरोधात गेला तर?"

"जाऊ दे की. येऊन जाऊ दे."

माझं मत काय, मला ठाऊक नाही. काही वाटत नाही, हेही कुणाला सांगता येत नाही. सकाळी रुग्णालय, मग पालिका, मग पेपरचं पान लावायचं, मग रुग्णालय. काल घंटा वाजत राहिली आणि कुणी आत आलं नाही. मी रिकाम्या खुर्च्या बघत बसले होते. त्या माणसांना दोष देण्यासारखं मला काही सुचलं नाही.

हे पत्र संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देते आहे. सकाळी तुझ्या दारात येईल. त्याच बसने परत निघालास तरी रात्रीपर्यंत पोहोचशील. हात वर कर, खाली ठेव, तुझं तू ठरव. कुणी मोजून दाखवणार नाही.

खोली झाडलेली आहे. आरशात मला फक्त माझं कपाळ दिसतं.

शुक्रवारपर्यंत तहकूब,
तुझी धाकटी