चाळिसाव्या दिवसाची उडी

४ मार्च, सोमवार

पोचले एकदाची. दोन पिशव्या आणि माझी जीभ, एवढंच सामान. निघताना आईने बजावलं की पिशव्या हरवल्या तरी चालतील, पण जिभेला आवर घाल. आधीच्या तीन नोकऱ्या या जिभेनेच घालवल्यात. खोटं कशाला बोलू, खरंच आहे ते. म्हणून ठरवलंय की इथे तोंड बंद ठेवायचं आणि मनात येईल ते या वहीत लिहायचं.

जागा मात्र झकास आहे. फक्त गुडघ्यांचं हॉस्पिटल, बारा खाटा, वर डॉक्टरांचं घर. व्यायामाचा हॉल पाहून तर मी हरखलेच. एका बाजूला खिडक्याच खिडक्या, भिंतीलगत धरून चालायला दांडा, आणि कोपऱ्यात पायाचा जोर मोजणारं खुर्चीचं मशीन. गेल्या नोकरीत मी हे मशीन फक्त चित्रात पाहिलं होतं.

डॉक्टर पन्नाशीचे, आवाज मऊ. मी दुखऱ्या पायाआधी नेहमी चांगला पाय मोजते, हे ऐकून फार खूश झाले. माणसात मुळात किती जोर आहे ते कळल्याशिवाय दुखऱ्या पायाकडून किती मागायचं ते ठरणार कसं? मशीनला कुणी फसवू शकतं का, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की तीनदा जोर लावायला सांगायचं. खरा जोर तिन्ही वेळा जवळपास सारखाच येतो. सोंग करणाऱ्याचे तीन आकडे एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. तिथेच नोकरी पक्की झाली.

माझ्या आधीचा फिजिओथेरपिस्ट आता बाहेर काउंटरवर बसतो. त्याच्या खुर्चीला काठी टेकवलेली असते.

९ मार्च

आईला फोनवर ऑपरेशन समजावून सांगितलं. गुडघ्यात दोन हाडांना बांधून ठेवणारं लिगामेंट असतं, ते पूर्ण तुटलं की बहुतेकदा शिवून भागत नाही. मग मांडीमागच्या स्नायूची दोरी काढायची, हाडांना भोकं पाडून त्यातून ओवायची आणि दोन्हीकडे स्क्रूने आवळायची. आई म्हणाली, म्हणजे पायजम्यात नाडी घालायची. इतकं सोपं तर मला कॉलेजातही कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर मी येते. सुजलेला गुडघा धरायचा आणि वाकवायचा. माणूस ओरडतो, मी अंश मोजते. ओरडणाऱ्यांचा मला कंटाळा आहे हे इथे लिहायला हरकत नाही. एक जावईबापू आहेत. नव्वद अंशाला सासऱ्यांना फोन लावतात. एक गोलकीपर आहे, डावा गुडघा गेलाय, ऑपरेशन व्हायचंय. हा गडी उजव्या पायाने मशीन उपटून काढेल. एक शिक्षिकाबाई आहेत, त्या ओठ चावतात पण हूं की चूं करत नाहीत. मला त्या आवडतात.

सगळ्यांची देखभाल करणाऱ्या नर्सला इथे सगळे मावशी म्हणतात. मावशींना माझा तक्ता फार आवडला. सगळ्या चांगल्या पायांचे आकडे कसे एका पानावर दिसतात, म्हणाल्या.

१५ मार्च

आज वर गेले होते. डॉक्टरांची मुलगी, बावीस-तेवीसची, नाचणारी. तिचा उजवा गुडघा मोजायला मला बोलावलं होतं. पाय पाहिला. गुडघ्याभोवती जागा उरलेली नाही इतके व्रण, दोन्ही मांड्या मागून पोकळ. मी मोजत होते, ती छताकडे बघत होती.

डॉक्टरांची पद्धत कळली. त्यांच्या हातची दोरी चाळीस दिवसांत पक्की होते असं ते म्हणतात, आणि चाळिसाव्या दिवशी ती टेबलावरून उडी मारून दाखवते. हे ऐकून मला हसू यायला हवं होतं. ओवलेली दोरी सुरुवातीला मेलेली असते, रक्त तिच्यात हळूहळू शिरतं, आणि सहाव्या-सातव्या आठवड्यात तर ती सगळ्यात कच्ची असते. नऊ महिने थांबावं लागतं. हे मला माहीत आहे. मी काही बोलले नाही. नोकरीला अकरा दिवस झालेत.

२० मार्च

आज तिचा चाळिसावा दिवस होता. चार वाजता वर टेबल सरकवल्याचा आवाज आला. मग धप्प, आणि त्या धप्पच्या आतच टक्. तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला परत सांगावा लागत नाही. शिक्षिकाबाईंचा हात माझ्या मनगटावर आवळला.

अर्ध्या तासाने डॉक्टर खाली आले. चेहरा शांत. दोरीच कमअस्सल निघाली म्हणाले, आणि माझा तक्ता मागितला. सगळ्यात जोरदार चांगला पाय कोणाचा, विचारलं. मी लगेच सांगितलं, गोलकीपरचा उजवा. शाबासकी मिळाली. खरं लिहायचं तर मला बरं वाटलं.

२५ मार्च

गोलकीपरचं ऑपरेशन परवा झालं. आज पट्टी बदलली. डाव्या गुडघ्यासाठी डाव्या मांडीतून दोरी काढली आहे, ते ठीकच. पण उजव्या पायावरही काप आहे. एका गुडघ्याला एक दोरी लागते. मी दोनदा मोजलं.

परवाच वर मुलीचंही ऑपरेशन झालं.

गोलकीपरने विचारलं की उजव्या पायाला काय झालं होतं. मी म्हटलं, डॉक्टरांना विचार.

काउंटरवरच्या माणसाने पँट वर करून मला आपले दोन्ही पाय दाखवले. त्याने दोन दोऱ्या दिल्या. त्याच्या आधीच्या बाईनेही दोन दिल्या म्हणे. आकडे चोख ठेवायचा सल्ला दिला आणि फोन उचलला.

२ एप्रिल

जायला हवं. आईला सांगितलं की ही नोकरी नको. ती म्हणाली, बोललीस ना परत काहीतरी. मी म्हटलं, नाही गं, या वेळी काहीच बोलले नाही. तिला पटलं नाही.

पोलिसांत गेले तर दाखवू काय? गोलकीपरने सही केली आहे. सगळेच सह्या करतात, वाचतं कोण.

१९ एप्रिल

तक्त्यात सगळ्यांचे आकडे कमी करून लिहायला लागले आहे. शिक्षिकाबाईंचा चांगला पाय ऐंशीचा, मी पंचेचाळीस लिहिला. जावईबापूंचा मात्र आहे तसाच ठेवणार होते. हात थबकला, मग त्यांचाही खोडला. म्हणजे मी अगदीच वाईट नाही.

तिचा चाळिसावा दिवस २ मे.

२७ एप्रिल

डॉक्टरांनी तक्ता पाहिला. इतकी अशक्त माणसं एकदम कशी आली, विचारलं. मशीन बिघडलंय का ते बघू म्हणाले आणि मला खुर्चीत बसायला सांगितलं. मावशींनी पट्टा आवळला.

माझा आकडा कमी आला तर मशीन बिघडलंय असं ठरणार आणि उद्या नवीन मशीनवर शिक्षिकाबाई बसणार. जास्त आला तर— मला कळत होतं. कळूनही मी हलका जोर लावला. शिक्षिकाबाई गेल्या तर जाऊ देत, असंच मनात आलं, तेच लिहिते.

पुन्हा, म्हणाले. आणि पुन्हा.

चाळीस. शंभर. अठ्ठावन्न.

डॉक्टरांनी तिन्ही आकडे मला वाचून दाखवले. मग म्हणाले, "तुम्हीच शिकवलंत."

२ मे

धप्प. टक्. चार वाजून दोन मिनिटं.

३ मे

पगारासाठी थांबले होते, आज पिशव्या भरल्या. फाटकाला कुलूप. काउंटरवरचा काठी टेकत माझ्यामागे आला. एक दोरी दिल्याने काही होत नाही म्हणाला, चालता येतं. दोन वॉर्डबॉय पिशव्या परत खोलीत ठेवून गेले, अगदी नीट, एकावर एक. फोन पिशवीत होता. आता नाही.

४ मे

सही मी केली नाही. खाली माझं नाव आहे. कुणाचं तरी अक्षर.

कमरेत टोचलं. पाय जड, मग गरम, मग नाहीतच. पडद्यापलीकडे डॉक्टर कुणाला तरी सांगत होते की दोरी सुरेख आहे, इतकी लांब बऱ्याच दिवसांत मिळाली नव्हती. मला— अभिमान वाटला. एक क्षणभर. शी.

२१ मे

उजवा पाय मागे ओढला जात नाही. टाच उचलायला सांगते, ऐकत नाही.

शिक्षिकाबाई आज घरी गेल्या. जाताना माझे हात धरून आभार मानले. मी त्यांना द्यायला निघाले होते, त्यांना ते ठाऊक नाही. रडले.

२ जून

तिला रोज माझ्याकडे आणतात. मी खाटेवरून तिचा गुडघा वाकवते. आत माझीच दोरी आहे. आज पहिल्यांदाच जीभ सोडली. सगळं सांगितलं, दोरी मेलेली असते, नऊ महिने लागतात, उडी मारलीस तर तुटणारच. बाबांना नाही म्हण, एवढंच कर. पाया पडले, पडता येत नाही तरी.

तिने ऐकून घेतलं. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "मला माहीत आहे. पण तुटलं की बाबा पंधरा दिवस माझ्या उशाशी बसतात. एरवी ते खालीच असतात."

गुडघा जरा आत वळवून पडलं की दोरी हमखास तुटते, हेही तिनेच सांगितलं. स्वतःच शिकलीय.

३ जून

डॉक्टरांना सांगितलं. त्यांना हसू आलं. माझी मुलगी असं करेल? दोऱ्याच कमअस्सल असतात, म्हणाले.

११ जून

डाव्या पायाचा जोर मोजला. तीनदा. सोंग करायची ताकद नव्हती. एकशे दोन, एकशे एक, एकशे दोन.

मावशी म्हणाल्या, वा.

१३ जून

चाळीस.

सकाळपासून काही दिलं नाही मला. जेवण नाही, पाणी नाही. ऑपरेशनच्या दिवशी देत नाहीत.

तिची उडी अजून व्हायची आहे.

पावणेचार. मावशी आल्या, चादर बाजूला केली. ज्या पायाचं ऑपरेशन असतं त्यावर आधी निळ्या पेनाने बाण काढतात, चूक होऊ नये म्हणून. डाव्यावर काढला. मी म्हटलं, अजून तुटली नाही. त्या म्हणाल्या, हो गं बाई, अजून कुठे.

तीन सत्तावन्न. वॉर्डबॉय दारात. स्ट्रेचर घेऊन.

वर टेबल सरकलं—

चढली. बाबा म्हणून हाक मारली तिने, इथवर ऐकू आलं. किती खुशीत—

नीट पड गं. सरळ पड. गुडघा सरळ ठेवून, एकदाच, माझ्यासा