सोलोच्या खुर्चीत मी ओरडलो त्याची हकिगत

मु. सोलो, जावा

पूज्य मामांना भाच्याचा दोन्ही हात जोडून होरास!

मामींचा गुडघा, डुकरीण आणि तळ्यातले मासे (याच क्रमाने) ठीक असतील असं धरून चालतो. तुम्ही बजावलं होतंत, की हीसुद्धा नोकरी घालवलीस तर तुमच्या तिउर्माचं नाव काढायचं नाही. मामा, नोकरी नुसती टिकली नाही, पक्की झाली! आणि ज्या नरड्यापायी आजवरच्या सगळ्या गेल्या, त्याच नरड्याने.

आमच्याकडे कणा वाकडा झालेल्या पोरांसाठी चाकाची खुर्ची बनते. वर कप्पी, कप्पीवरून दोरी, दोरीच्या एका टोकाला वजन, दुसऱ्या टोकाने पोराचं डोकं हळूहळू वर ओढलं जातं. आठवडेच्या आठवडे, म्हणून ओढ एकसारखी हवी. (इस्पितळात डॉक्टर डोक्याला कडं बसवतात, आम्ही चाचणीपुरता हनुवटीखाली पट्टा घालतो.) आधी वाळूचं पोतं टांगलं. पोतं काही बोललं नाही. मग इंजिनिअर प्राप्तीबाईंनी माणसं बसवली आणि तिथेच घोटाळा झाला, कारण ही जावाची माणसं! समोरच्याचं मन मोडण्यापेक्षा यांना स्वतःची मान मोडलेली परवडते. विर्योकाका बसले, डोळे पांढरे झाले, तरी म्हणाले, "छान आहे हो बाई, झोपच येतेय." मागून आणखी दोघे तसेच गोड बोलले. खुर्ची पास! दुसऱ्या दिवशी लारास नावाची आठ वर्षांची पोर तीत बसायची होती.

मी आपला हौसेने बसलो. जरा पुढे वाकलो मात्र, दोरी कप्पीत अडकली आणि सुटताना असा हिसका बसला, की आपल्या बाताकांच्या सात पिढ्या माझ्या तोंडून ओरडल्या. (बाहेर गाडीवाल्याच्या हातून सूप सांडलं.) बाई धावत आल्या. तेव्हा विर्योकाका खाली बघत म्हणतात, "मलाही जरासं जाणवलं होतं."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"तुम्ही एवढ्या मेहनतीने केलीत, बाई…"

कप्पी बदलली. दोरीला ओढ मोजायचा काटा लावून पुन्हा पाहिलं. पुढे वाका, मागे रेला, काटा ढिम्म. मग इस्पितळात लारासला बसवलं. दुखतं का गं? "नाही हं, छान आहे." (आली का पंचाईत!) मी म्हटलं, "पोरी, खरं सांग, माझ्यासारखं ओरडून सांग!" तर तिने छप्पर हादरवलं: "दादा, खुर्ची नाही दुखत, तुमचा आवाज दुखतो!" आणि अंगणात फेरी मारायला निघून गेली. बाईंनी मला तिथल्या तिथे कायम केलं. काम एकच, बसायचं आणि ओरडायचं.

तेव्हा मामा, आता तिउर्माचं बोलून टाका. मामाच्या पोरीवर भाच्याचा पहिला हक्क, हे मी तुम्हाला काय सांगावं!

तुमचा,
मांगासी

ता. क. मामींना माझी उंची खटकते असं कानावर आलं. त्यांना सांगा, रोज सकाळी खुर्चीत बसून (चाचणीसाठीच!) मी बोटभर वाढलोय.

आणखी एक ता. क. लग्न सोलोलाच, कारखान्याजवळ, आणि सकाळी लवकर करा. पंगत बसेपर्यंत मी पुन्हा होतो तेवढाच होतो.